मंद वाऱ्यातील शीडहोडी-शर्यती आणि क्लबांचे हँडिकॅप

शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत वारा ६ नॉटच्या, म्हणजे ताशी सुमारे ११ किलोमीटरच्या खाली गेला की ती मंद वाऱ्यातील शर्यत समजली जाते. ब्रिटिश नौदल अधिकारी फ्रान्सिस बोफर्ट यांनी १८०५ मध्ये आखलेल्या श्रेणीत हा पहिल्या दोन पायऱ्यांचा वारा. पहिल्या पायरीवर (१ ते ३ नॉट) धूर कलतो एवढेच. दुसऱ्या पायरीवर (४ ते ६ नॉट) वारा चेहऱ्याला जाणवतो. हौशी क्लबांच्या वाट्याला असा वारा बराच येतो, कारण कामावरून सुटलेली माणसे संध्याकाळी शर्यतीला उतरतात आणि नेमका त्याच वेळी वारा पडू लागतो. दिवसा जमीन तापते म्हणून समुद्रावरून वारा येतो. ऊन उतरले की त्यातला जोर जातो. पाण्यालगत थंड हवेचा थर बसला की डोलकाठीच्या टोकावरची वातदर्शिका फिरत असते आणि खाली पाणी मात्र आरशासारखे स्थिर असते.

क्लबाच्या ताफ्यात सगळ्या होड्या एकाच जातीच्या क्वचितच असतात. लांब-आखूड, जड-हलक्या, नव्या-जुन्या होड्या एकाच रेषेवरून सुटतात आणि निकाल हँडिकॅपने, म्हणजे वेळेच्या सवलतीने लावला जातो. मंद वारा आणि हँडिकॅप यांचे फारसे जमत नाही. सवलतीचा आकडा मध्यम वारा गृहीत धरून ठरलेला असतो आणि वारा पडला की त्या गृहीतकाचा आधारच जातो.

होडी आणि पाणी

पाणी होडीला मुख्यतः दोन प्रकारे अडवते. होडी वेगात असली की ती स्वतःच उठवलेल्या लाटांत अडकते. ही मर्यादा जलरेषेच्या, म्हणजे होडी पाण्याच्या पातळीवर जितकी लांब असते त्या लांबीवर ठरते. फुटांतल्या लांबीच्या वर्गमुळाला १.३४ ने गुणले की जड बांध्याच्या होडीचा नॉटमधला ढोबळ कमाल वेग मिळतो. मंद वाऱ्यात होडी या मर्यादेच्या जवळपासही नसते. तेव्हा लाटांचा अडसर नगण्य असतो आणि उरते ते पाण्याचे होडीच्या अंगाशी होणारे घर्षण. म्हणून अशा दिवशी लांबीपेक्षा एकच गुणोत्तर महत्त्वाचे ठरते: भिजलेल्या पृष्ठभागाच्या मानाने शीड किती. उंच डोलकाठीची अरुंद, हलकी होडी पुढे सरकत राहते. मागे इंजिनाचा स्थिर तीन पात्यांचा पंखा असलेली रुंद, जड सहलीची होडी जागच्या जागी बसते. तळाला शेवाळाचा बुळबुळीत थर असेल तर तो जोराच्या वाऱ्यात एक वेळ खपून जातो, पण ३ नॉटमध्ये त्याची पुरेपूर किंमत मोजावी लागते.

शिडावर पडणारे बळ वाऱ्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वारा ४ नॉटवरून ६ वर गेला तर वेग दीडपट होतो, पण बळ सव्वादोन पट. त्यामुळे पाण्यावर कुठेतरी उठलेला काळपट, खरबरीत पट्टा म्हणजे झुळकीची वर्दीच असते. तिथे आधी पोचणारा एका मिनिटात जे कमावतो, ते इतरांना पुढच्या पाऊण तासात भरून काढता येत नाही. मंद वाऱ्याच्या शर्यतीला नशिबाचा खेळ म्हणण्याची रीत आहे, पण क्लबाच्या निकालांत अशा दिवशीही तीच दोन-चार नावे वर दिसतात, हे तसे म्हणणारे विसरतात.

चालवण्याची रीत

पहिली गोष्ट म्हणजे न हलणे. होडीत कोणी धपकन जागा बदलली की शिडे हेलकावतात, त्यांच्यावरून वाहणारी हवा सुटते आणि ती पुन्हा बसायला वेळ लागतो. खलाशी पुढे सरकून बसतात, म्हणजे मागचा सपाट तळ पाण्याबाहेर निघतो आणि भिजलेला पृष्ठभाग घटतो. होडी वाऱ्याखालच्या, म्हणजे वारा जिकडे जातो त्या बाजूला किंचित कलती ठेवतात. त्यामुळे सुस्त शीड स्वतःच्या वजनाने आपल्या आकारात लोंबते आणि सुकाणूला थोडा ताण येतो. तो ताण बोटांना कळतो, म्हणून होडी कुठे वळू पाहते आहे ते समजते. शिडाचा दोर मुठीत आवळत नाहीत, दोन बोटांत धरतात. शिडावर चिकटवलेले लोकरीचे धागे, ज्यांना टेलटेल म्हणतात, त्यांच्यावर नजर असते: दोन्ही बाजूंचे धागे सरळ मागे वाहत असले की हवा शिडाला चिकटून चालली आहे.

शीड किती फुगीर ठेवायचे याबाबत नवख्यांची हमखास चूक होते. वारा कमी म्हणजे पोट जास्त, असे सहज वाटते. ५ ते ८ नॉटमध्ये ते बरोबर आहे. पण वारा २-३ नॉटवर आला की हवेत खोल वळणाभोवती वळण्याइतका जोरच उरत नाही. ती अर्ध्यात सुटते. तेव्हा शीड थोडे सपाट करावे लागते. मागची कड वर सैल सोडतात, कारण पाण्यालगत वारा मंद असतो आणि वर अधिक, त्यामुळे होडीला जाणवणारी त्याची दिशाही उंचीनुसार बदलते.

वाऱ्याच्या तोंडावर फार चढून जाण्याचा, म्हणजे वारा येतो त्या दिशेच्या फार जवळून होडी नेण्याचा मोह इथे महाग पडतो. होडीचा स्वतःचा वेग खऱ्या वाऱ्यात मिसळूनच शिडाला जाणवणारा वारा तयार होतो. वेग गेला की हा वाराही घटतो, आणि थांबलेली होडी पुन्हा चालती करणे हे चालती ठेवण्यापेक्षा कितीतरी अवघड. म्हणून त्या दिशेपासून थोडे खाली उतरून, लांबचा पण चालता मार्ग घेतात.

वाऱ्यातून बाजू बदलताना, म्हणजे टॅक घेताना, छोट्या होड्यांत एक लकब असते. होडी आधी वाऱ्याखाली कलू देतात. नाळ, म्हणजे होडीचे पुढचे टोक, वाऱ्याकडे वळली की सगळे एकदम जुन्या बाजूवर भार टाकून तिला आपल्या अंगावर झुकवतात, मग पलीकडे जाऊन सरळ उभी करतात. शीड हवेत पंख्यासारखे फिरते आणि होडीला ढकल मिळते. नियम याला मुभा देतात, पण अट घालून: टॅक पूर्ण झाल्यावरचा वेग, टॅक घेतलीच नसती तर असता त्यापेक्षा जास्त नको. वारंवार शीड ओढून हवा मारणे, होडी डोलवत राहणे, अंग पुढे हिसकून अचानक थांबणे, सुकाणू वल्ह्यासारखे चालवणे हे सारे शर्यतीच्या नियमांतील ४२ व्या कलमाखाली मना आहे. पडलेल्या वाऱ्यात या कलमाची जेवढी परीक्षा होते तेवढी एरवी होत नाही, कारण तेव्हाच एकेका हिसक्याने होडी खरोखर पुढे जाते.

उलट्या प्रवाहात नांगर टाकणे मात्र नियमात बसते. प्रवाह २ नॉट आणि होडीचा वेग दीड नॉट असेल तर शिडे भरलेल्या होड्या मोठ्या रुबाबात मागे मागे जात असतात आणि गुपचूप नांगर सोडलेली होडी उभ्या जागी आघाडी घेते. निघताना नांगर वर काढावा लागतो.

हँडिकॅप

सवलतीची कल्पना जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटनमध्ये होडीच्या टनांवरून सवलत देत. २२ ऑगस्ट १८५१ रोजी आइल ऑफ वाइट बेटाला वळसा घालणाऱ्या प्रसिद्ध शर्यतीत मात्र कोणालाच सवलत नव्हती. त्या संध्याकाळी वारा पडला. १७० टनी ‘अमेरिका’ पहिली आली आणि तिच्या मागोमाग ४७ टनांची ‘ऑरोरा’. सवलत असती तर काय झाले असते, हा वाद तेव्हापासून चालू आहे. ज्या चषकावर पुढे ‘अमेरिका’चे नाव लागले, तो तिला या दिवशी मिळाला.

छोट्या होड्यांच्या क्लबांत सर्वाधिक रुळलेली पद्धत म्हणजे पोर्ट्समथ यार्डस्टिक. ती १९४७ मध्ये इंग्लंडच्या लँगस्टन सेलिंग क्लबात स्टॅनली मिलेज यांनी आखली. प्रत्येक जातीच्या होडीला एक आकडा असतो. आकडा जितका मोठा तितकी होडी संथ. एकट्याने चालवायच्या लेसरचा आकडा ११०० च्या आसपास, मुलांच्या ऑप्टिमिस्टचा १६०० च्या वर. लागलेल्या वेळेला १००० ने गुणून होडीच्या आकड्याने भागले की सुधारित वेळ मिळते. हे आकडे कोणी होडी मोजून काढत नाही. क्लबांनी कळवलेल्या प्रत्यक्ष निकालांतून ते दुरुस्त होत जातात. आपल्या पाण्याला जुळत नसेल तर क्लबाला आकडा बदलताही येतो.

मोठ्या होड्यांसाठी अमेरिकेत पीएचआरएफ (परफॉर्मन्स हँडिकॅप रेसिंग फ्लीट) ही पद्धत चालते. त्यात सागरी मैलामागे किती सेकंदांची सवलत हे ठरलेले असते. आयआरसी पद्धतीत होडीची मापे घेतात, पण सूत्र गुप्त ठेवतात, म्हणजे त्याला चुकवणारी होडी कोणी बांधू नये. ओआरसी पद्धत संगणकावर होडीचा वेग वेगवेगळ्या वाऱ्यांसाठी स्वतंत्र काढते, त्यामुळे मंद वाऱ्याशी तिचे सर्वांत बरे जमते; पण मोजमापाचा खर्च आणि खटाटोप छोट्या क्लबाला झेपत नाही. याशिवाय माणसागणिक हँडिकॅपही असते: जिंकलात की आकडा कडक होतो, हरलात की सैल. आयर्लंडमधील एको ही अशीच पद्धत. तिने मागच्या फळीतल्यांना बक्षिसे मिळतात, आणि मुद्दाम हळू जाणाऱ्यांविषयी कुजबुजही चालते.

पडलेला वारा आणि हिशेब

दोन होड्या घ्या. पहिलीचा आकडा ११००, दुसरीचा १२००. पहिली ६६ मिनिटांत आली, दुसरी ७३ मिनिटांत. सुधारित वेळ ३६०० आणि ३६५० सेकंद. पहिली ५० सेकंदांनी जिंकली. आता हीच शर्यत, पण मध्ये वारा पूर्ण पडला आणि दोघी १० मिनिटे शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. लागलेला वेळ ७६ आणि ८३ मिनिटे. सुधारित वेळ सुमारे ४१४५ आणि ४१५०. आघाडी ५ सेकंदांवर आली. वारा आणखी २ मिनिटे पडलेला राहिला तर ४२५५ विरुद्ध ४२५०, म्हणजे दुसरी जिंकते. कोणी काही केले नाही. वेळेच्या प्रमाणात सवलत मिळत असल्याने थांबलेल्या मिनिटांवरही सवलत लागली.

अंतरावर सवलत देणाऱ्या पद्धतीत ती बारा मिनिटे निकालाला हात लावत नाहीत. पण तिथे दुसरे दुखणे आहे. पूर्ण शर्यत निम्म्या वेगाने झाली तर होड्यांमधले वेळेचे अंतर दुप्पट होते आणि सवलत तेवढीच राहते. वेगवान होडीचे फावते. यावर पीएचआरएफवाले अंतराची सवलत वेळेच्या गुणकात बदलतात: ६५० ला, ५५० अधिक होडीचा आकडा (मैलामागची सेकंदे) या बेरजेने भागतात. वारा मंद असेल तर ५५० च्या जागी ६००, जोराचा असेल तर ४८०. हे ६०० म्हणजे मैलाला दहा मिनिटे, अर्थात ६ नॉटचा वेग. होड्या ३ नॉटने रांगत असतील तर मैलाला १२०० सेकंद लागतात, म्हणजे मंद वाऱ्यासाठीचा आकडाही खऱ्या मंद वाऱ्याला पुरत नाही. पोर्ट्समथच्या अमेरिकी आवृत्तीत बोफर्टच्या पायऱ्यांनुसार वेगळे आकडे आहेत, पण अर्ध्या शर्यतीत वारा होता आणि अर्ध्यात नव्हता, तर कोणता घ्यायचा हे शर्यत समितीलाच ठरवावे लागते.

त्यातही वारा सर्वांना सारखा मिळत नाही. वेगवान होड्या रेषा ओलांडून गेल्यावर वारा पडला तर मागचे अडकून बसतात. पडलेला वारा मागून पुन्हा भरत आला तर मागचे तो सोबत घेऊनच येतात आणि सवलतीसह पुढच्यांना गाठतात. पाण्यावर उचलून धावणाऱ्या हलक्या होड्यांचे गाऱ्हाणे निराळे: त्यांचा आकडा त्या धावण्यावर ठरलेला असतो आणि ५ नॉटमध्ये त्या धावतच नाहीत.

समितीपुढचे पर्याय

समितीकडे तीन निशाणे असतात. लाल-पांढऱ्या उभ्या पट्ट्यांचे निशाण म्हणजे सुरुवात लांबणीवर. पांढऱ्यावर निळा चौकोन असलेले ‘एस’ म्हणजे मार्ग आखूड केला. निळ्या-पांढऱ्या चौकड्यांचे ‘एन’ म्हणजे शर्यत रद्द. यांतले ‘एस’ वेळेवर लावणे हेच खरे कसब. उशीर झाला की पहिली होडी वेळेच्या मर्यादेत पोचत नाही आणि दोन तासांचा घाम निकालाविना जातो. घाई केली तर शर्यत दोन फेऱ्यांत उरकते. छोट्या होड्यांचे क्लब यातून सरासरी फेरीची वाट काढतात: प्रत्येकाला त्याने पुऱ्या केलेल्या फेऱ्यांवर थांबवतात आणि फेरीमागची सरासरी वेळ हिशेबात धरतात, म्हणजे संथ होडीला एक फेरी कमी चालते.

रेषेवरही मंद वाऱ्याची गंमत असते. होडीच्या अंगाचा कोणताही भाग रेषेला टेकला की ती पोचली असे नियम मानतात. रेषा पूर्ण ओलांडायची सक्ती नाही. त्यामुळे वीतभर नाळ पुढे घालून शिट्टी मिळवलेली आणि लगेच ओहोटीने मागे वाहत चाललेली होडी अधिकृतपणे शर्यत संपवून मोकळी असते, आणि तिच्या शेजारची, हातभर मागे राहिलेली, अजून शर्यतीतच असते.