गॅस्केट काढायला मऊ डिस्क चालते? नाही, चालत नाही!

जुन्या मोटरसायकलचं इंजिन उघडलं की गॅस्केट, म्हणजे दोन भागांच्या सांध्यातून ऑइल गळू नये म्हणून मध्ये बसवलेला पातळ थर, निम्मं सुटतं आणि निम्मं केसिंगलाच (इंजिनच्या धातूच्या कवचाला) चिकटून बसतं, मग कोणीतरी हमखास सांगतं की ड्रिलला मऊ घासणीची डिस्क लाव, धातूला काही होत नाही. वर्षानुवर्षं हेच ऐकतोय आणि हे साफ चुकीचं आहे. डिस्क हाताला मऊ लागते पण तिच्यात बऱ्याचदा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, ते बेअरिंगच्या स्टीलपेक्षाही कडक. घासताना त्या कणांची भुकटी सुटते, ती ऑइलच्या वाटेत शिरली की बेअरिंग खाऊन टाकते, शिवाय केसिंगला बारीक खळगा पडतो तो नुसता बघून कळत नाही, सरळपट्टी आडवी ठेवून उजेडासमोर धरा, फट दिसेल, ऑइल तिथूनच गळतं.

त्यापेक्षा गॅस्केट रिमूव्हर (चिकटलेलं गॅस्केट मऊ करणारं रसायन) लावा, डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ खरंच थांबा, नाही सुटलं तर परत लावा, मग प्लास्टिकच्या स्क्रॅपरने हळूहळू सोलत जा. कॉस्टिक सोडा अजिबात नको, तो केसिंगचं अ‍ॅल्युमिनियमच खातो. आणि हो, जुन्या गॅस्केटमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतं, त्याची धूळ फुप्फुसात जाणं घातक, म्हणून कोरडं घासून धूळ उडवूच नका, ओलं ठेवूनच काढा.