डावा आरसा: सपाट काच की फुगीर?

आमच्या १९८६च्या प्रीमियर पद्मिनीला बाहेरचा आरसा एकच होता, उजवीकडचा. डावीकडे बघायचं काम शेजारी बसलेल्या माणसाचं. 'येऊ दे, येऊ दे, थांब, रिक्षा आहे' हे आईचं बोलणं हाच आमच्या गाडीचा डावा आरसा. बाबांनी गाडी अशीच वर्षानुवर्षं चालवली. आता ती माझ्याकडे आहे, बऱ्याचदा गाडीत मी एकटाच असतो, आणि पुण्यात दुचाकी डावीकडून कधी येऊन खेटेल याचा नेम नसतो. म्हणून डावीकडेही आरसा बसवायचं ठरवलं.

नाना पेठेतल्या एका दुकानात काउंटरवर दोन आरसे समोर आले. दोन्ही गोल, दोन्हींची खोकी, म्हणजे काच बसते ती कवचं, क्रोमची, दांडी सारखीच. 'एक प्लेन, एक कॉन्व्हेक्स. कुठला देऊ?' प्लेन म्हणजे सपाट, कॉन्व्हेक्स म्हणजे फुगीर. मी दोन्ही हातात धरून बघितले. प्लेनमध्ये माझा चेहरा मोठा, स्वच्छ, जसाच्या तसा दिसला. दुसऱ्यात जरा लहान. मी प्लेन घेतला, दाराच्या पत्र्याला दोन भोकं पाडून बसवला, आणि चारच दिवसांत दांडेकर पुलाच्या चौकात डावीकडे वळताना एक स्कूटर थेट मागच्या दाराशी दिसली. आरशात ती एकदाही आली नव्हती. काच निर्दोष होती, आरसा नीट लावलेला होता. निवड चुकली होती.

ती का चुकली, ते हातातल्या आरशावरून कळत नाही. दुकानात आरसा डोळ्यांपासून हातभर लांब असतो. गाडीत उजवा आरसा डोळ्यांपासून साधारण ६० सेंटिमीटरवर येतो आणि डावा त्याच्या दुप्पट लांब, सुमारे १.२ मीटरवर. सपाट आरसा म्हणजे भिंतीतली खिडकी समजा. खिडकीपासून जितकं लांब जाल तितकं बाहेरचं कमी दिसतं. १२ सेंटिमीटर रुंदीची काच तिरपी बसवली की कामाची रुंदी उरते १० सेंटिमीटर. १.२ मीटरवरून त्या खिडकीतून मागे २० मीटरवर रस्त्याचा जेमतेम पावणेदोन मीटरचा पट्टा दिसतो, म्हणजे अर्धी लेन. आणि मागे पाच मीटरवर? अर्धा मीटर. एवढ्यात स्कूटरचं अख्खं हँडलसुद्धा मावत नाही. माझी स्कूटर त्या अर्ध्या मीटरच्या बाहेरून आली.

फुगीर काच, म्हणजे शाळेत शिकलेला बहिर्वक्र आरसा, हीच खिडकी रुंद करते. ती ज्या गोळ्याचा तुकडा मानता येईल त्याची त्रिज्या म्हणजे तिची वक्रतात्रिज्या; ती जितकी लहान तितकी काच जास्त फुगीर. ही त्रिज्या १.२ मीटर धरली, तर १.२ मीटरवरून बघणाऱ्याला ती सपाट काचेच्या तिप्पट कोन दाखवते. मागे २० मीटरवर पावणेदोनऐवजी पाच मीटर, आणि पाच मीटरवर सव्वा मीटरहून जास्त. स्कूटर, तिच्यामागची सायकल आणि फुटपाथची कड एकदम दिसतात. त्याची किंमतही मोजावी लागते: प्रत्येक गोष्ट एक तृतीयांश आकाराची दिसते. मागे २० मीटरवर असलेली गाडी आकारावरून ६० मीटरवर असल्यासारखी वाटते.

दोन्ही काचांतला खरा फरक माझ्या मते इथे आहे. सपाट काच 'किती लांब आहे?' याचं उत्तर देते, फुगीर काच 'कोणी आहे का?' याचं. आपल्याकडे ओव्हरटेक उजवीकडून करायचा, म्हणून उजव्या आरशाला विचारायचा प्रश्न पहिला: मागची गाडी किती जवळ आली, किती वेगात येतेय. तो आरसा जवळही आहे, त्यामुळे सपाट काच तिथे बऱ्यापैकी निभावून नेते. डावीकडे मात्र प्रश्न जवळजवळ नेहमी दुसराच असतो.

अमेरिकेच्या नियमांत हीच विभागणी आहे. तिथे चालकाच्या बाजूचा आरसा सपाट असावा लागतो. प्रवाशाच्या बाजूला फुगीर चालतो, पण त्याची त्रिज्या ३५ ते ६५ इंचांच्या दरम्यान हवी आणि त्यावर 'आरशातल्या वस्तू दिसतात त्यापेक्षा जवळ आहेत' हा इशारा कोरलेला हवा. युरोपातल्या नियमांप्रमाणे मोटारीच्या बाहेरच्या मुख्य आरशाची त्रिज्या १२०० मिलिमीटरच्या खाली जाऊ शकत नाही, कारण काच त्याहून फुगीर झाली की अंतराचा अंदाज फारच फसतो.

परदेशातून जुन्या गाडीचे भाग मागवणाऱ्यांनी इथे जपावं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे. त्यामुळे तिथल्या जोडीत डावा आरसा सपाट आणि उजवा फुगीर, म्हणजे आपल्या गरजेच्या बरोबर उलट. इशारा कोरलेली काच आपल्या चालकाच्या बाजूला येते. खोकं डाव्या-उजव्या हाताचं असतं, त्यामुळे अदलाबदलही होत नाही. काच तेवढी कापून बदलून घ्यावी लागते.

दुकानात दोन्ही ओळखायच्या कशा? नुसत्या डोळ्यांनी फसायला होतं. १.२ मीटर त्रिज्येची काच १२ सेंटिमीटरच्या रुंदीत मध्यभागी फक्त दीड मिलिमीटर वर आलेली असते. स्टीलची पट्टी काचेवर आडवी ठेवा आणि एका टोकावर बोट दाबा. सपाट काचेवर ती गप्प बसते, फुगीर काचेवर मधल्या टेकूवर डुलते. पट्टी नसेल तर आरशात स्वतःकडे बघत हळूहळू मागे सरका. सपाट आरशात चेहऱ्याचा जेवढा भाग दिसत होता तेवढाच दिसत राहतो, कितीही मागे गेलात तरी. फुगीर आरशात मागे जाल तसे कान, मग खांदे, मग मागचं शेल्फ येऊ लागतं. ही परीक्षा मला सगळ्यात खात्रीची वाटते, आणि दुकानदाराला काही विचारावंही लागत नाही.

जुन्या गाडीत फुगीर काचेच्या बाजूने आणखी एक गोष्ट आहे आणि ती कोणी फारशी बोलत नाही. डावा आरसा चालकाला बसल्या जागेवरून हलवता येत नाही. ना केबल, ना बटण. खड्ड्यात गाडी आदळली किंवा पार्किंगमध्ये कोणाचा धक्का लागला की तो जरासा फिरतो. आरसा एक अंश फिरला तर दिसणारं दृश्य दोन अंश सरकतं. सपाट काचेचा सगळा आवाका पाच अंशांचा, म्हणजे आरसा अडीच अंश फिरला की रस्ता गेला आणि समोर दुकानाच्या पाट्या. फुगीर काचेत त्याच धक्क्यानंतरही दोन तृतीयांश दृश्य शिल्लक राहतं.

अंतराचा प्रश्न उरतो, त्याला उत्तर गाडीच्या आतच आहे. आतला आरसा सपाट असतो. डाव्या आरशात कोणी आहे असं दिसलं की क्षणभर आतल्या आरशात बघायचं: तिथे तीच रिक्षा खऱ्या आकारात दिसते आणि अंतर कळतं. नव्याने फुगीर आरसा बसवलेल्या माणसाने पहिला आठवडाभर हे मुद्दाम करावं. काही जण सपाट आरशाच्या कोपऱ्यात छोटी गोल फुगीर टिकली चिकटवतात. मी करून बघितलं. १.२ मीटरवरून त्या टिकलीत दुचाकी मुंगीएवढी दिसते, आणि थोड्याशा सपाट काचेतली बरीच जागा वाया जाते.

आरसा मडगार्डवर पुढे बसवला तर गाडी देखणी दिसते, हे मान्य. पण तिथे अंतर १.८ मीटरच्या घरात जातं. सपाट काच तिथे नावापुरती उरते आणि १.२ मीटर त्रिज्येची फुगीर काच सगळं एक चतुर्थांश करून दाखवते. म्हणून सपाट आरसा काढून फुगीर बसवताना मी दारच निवडलं.

दारावर नेमकं कुठे? भोक पाडायच्या आधी खोक्याच्या बुडाला दुहेरी चिकटपट्टी लावा. एकाने चालकाच्या सीटवर आपल्या नेहमीच्या जागी बसायचं, दुसऱ्याने बाहेरून आरसा बोटबोट सरकवायचा. पद्मिनीच्या पुढच्या दारात ती त्रिकोणी काच आणि तिची उभी पट्टी असते. आरसा पट्टीच्या रेषेत आला तर मध्येच काळी फीत दिसते. आमच्या गाडीत तो पट्टीच्या जरा पुढे, त्रिकोणी काचेतून पूर्ण दिसेल असा बसला. मग खिडकीची काच पूर्ण वर करून ड्रिल मारलं. भोकाच्या कडेला लगेच प्रायमर लावला, कारण उघड्या पत्र्याला पहिल्याच पावसात गंज धरतो, आणि बुडाखाली रबरी वायसर घातला. स्क्रू आखूड घेतले. लांब स्क्रू आत काच खाली येते त्या वाटेत जातो आणि काचेवर ओरखडा उठतो.

आधीची दोन भोकं डेंटरने भरून दिली. दाराला मूळचा मोतिया रंग लावला आहे, उन्हात बघितलं तर दोन ठिपके अजून कळतात. आई आता शेजारी बसली की आधी डाव्या आरशात बघते आणि मग म्हणते, 'येऊ दे.'