शेपटीचा फटका आणि जास्वंदीचं फूल

फोंड्याला भाच्याकडे गेलो, तर त्याच्या हिरव्या इग्वानाने, म्हणजे पाळलेल्या मोठ्या परदेशी सरड्याने, शेपटीच्या फटक्याने माझं स्वागत केलं. मनगटावर वळ उठला. "मामा, खुनशी आहे हा, कुणाला हातच लावू देत नाही," भाचा म्हणाला. मी बघत राहिलो. अंग फुगवलेलं, गळ्याखालची कातडी ताणलेली, रंग काळपट. आपल्या कुंपणावरचा सरडाही कोपऱ्यात सापडला की असलाच आव आणतो. आत नुसती भीती.

भाच्याची पहिली चूक म्हणजे तो पिंजऱ्यात वरून हात घालायचा. इग्वानाच्या डोक्यावर मधोमध एक फिकट ठिपका असतो. तो त्याचा तिसरा डोळा. त्याला भिंग आहे, पडदाही आहे. चित्र दिसत नाही, पण उजेड आणि सावली कळते. मध्य आणि दक्षिण अमेरिकेच्या जंगलात, झाडाच्या शेंड्यावर ऊन खात बसलेल्या या पालाखाऊ प्राण्यावर वरून सावली पडते ती बहुधा शिकारी पक्ष्याची. भाच्याचा हात त्याच्या लेखी घारच होता.

दुसरी चूक अधिक गमतीची. फटका बसला की भाचा हात मागे घ्यायचा. कोणीही घेईल! पण त्यातून इग्वाना शिकला, की शेपटी उगारली की संकट जातं. सरड्यांना अक्कल नसते हा आपला समज आहे. इंग्लंडच्या लिंकन विद्यापीठातल्या २०१५ च्या एका प्रयोगात बिअर्डेड ड्रॅगन जातीचे सरडे दुसऱ्या सरड्याचं बघून जाळीचं दार सरकवायला शिकले होते. शिकवणी दोन्ही बाजूंनी चालते, एवढंच.

मग आम्ही उलट्या क्रमाने सुरुवात केली. रोज पंधरा मिनिटं भाचा पिंजऱ्याशेजारी नुसता बसायचा. त्याचा वापरलेला बनियन आत ठेवला, कारण सरडे जिभेने हवेतले आणि वस्तूंवरचे गंधकण टिपतात आणि ओळख पटवतात. आठवड्याभराने बाजूने, खालून हात, आणि हातात बाल्कांवाजवळच्या, म्हणजे घरापुढच्या बसायच्या ओसरीजवळच्या, झाडाचं जास्वंदीचं फूल. फटका आला तरी हात जागेवरच. जाडजूड बाही घालून. तो शांत झाला की मगच हात बाहेर. शेपटीला मात्र कधीच धरायचं नाही. ती तुटते, आणि नवी येते तिच्यात हाडाऐवजी कूर्चा असते.

कुरवाळताना त्याने डोळे मिटले म्हणून भाचा एकदा खूश झाला होता. पण अंग ताठ असेल, तर मिटलेले डोळे म्हणजे 'आता पुरे' असंही असू शकतं. आणि दरवेळी नंतर साबणाने हात धुणं आलंच. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू पसरतो.

चिडचिडीमागे शरीरही असतं. पावसाळ्यात आपल्याकडे दिवसचे दिवस ऊन नाही, आणि खिडकीच्या काचेतून अतिनील-बी किरण जवळजवळ येतच नाहीत. ते नसले की ड जीवनसत्त्व कमी पडतं, कॅल्शियम शोषलं जात नाही, हाडं मऊ पडतात. दुखणारं जनावर हात कसा लावू देईल? खास अतिनील दिवा आणि शेवग्याचा पाला, दोन्ही लागलं. त्याला ऊब लागते म्हणून एसी बंद करावा लागला, त्यावर घरात थोडी धुसफूस झाली.

कागदपत्रंही भाच्याने मागाहून केली. वन्यजीव कायद्यातली २०२२ ची दुरुस्ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. त्यानुसार इग्वानासारख्या साइट्स (वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) यादीतल्या परदेशी प्राण्यांची नोंदणी करावी लागते. आपली घोरपड मात्र पाळायचीच नाही, ती त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सर्वाधिक संरक्षणाच्या यादीत आहे. एकेकाळी घुमट या गोव्यातल्या मातीच्या वाद्यावर तिचंच कातडं चढायचं, आता बकऱ्याचं चढतं.

तीन महिन्यांनी इग्वाना भाच्याच्या खांद्यावर चढू लागला. मग एका सकाळी त्याच्या अंगावर केशरी झाक आली, मुंडी वरखाली सुरू झाली आणि तो कपाटाच्या आरशावर धावून गेला. नर वयात आला, विणीचा हंगाम आला, की आरशातला 'दुसरा नर' सहन होत नाही. काही आठवडे हे चालतं. सध्या आरशावर चादर आहे, आणि भाच्याची जाड बाही पुन्हा बाहेर निघाली आहे.