हाकलण्यापासून हाकण्यापर्यंत : 'प्रोपेल' शब्दाची पार्श्वभूमी

'प्रोपेल' म्हणजे पुढे ढकलणे, गती देणे. शब्द लॅटिनमधला : 'प्रो' म्हणजे पुढे आणि 'पेल्लेरे' म्हणजे ढकलणे, हाकणे. मराठीत याला सगळ्यात जवळचं क्रियापद 'हाकणे' हेच, असं मला वाटतं. कारण 'पेल्लेरे'चं बाकीचं कुटुंब पाहा : 'कम्पेल' म्हणजे मुळात गुरं एकत्र हाकणं, त्यावरून भाग पाडणं, 'एक्स्पेल' म्हणजे हाकलणं, 'रिपेल' म्हणजे परतवून लावणं. डॉक्टर मनगट धरून मोजतात ती 'पल्स'ही याच घरातली.

गंमत म्हणजे पंधराव्या शतकात इंग्रजीत आला तेव्हा 'प्रोपेल'चा अर्थ हाकलून देणे असा होता. 'पुढे नेणे' हा अर्थ रुळला तो सतराव्या शतकाच्या मध्यावर.

घरोघरी पोचला मात्र 'प्रोपेलर'. 1836 साली फ्रान्सिस पेटिट स्मिथने जहाज चालवणाऱ्या मळसूत्राचं, म्हणजे स्क्रूच्या आकाराच्या प्रोपेलरचं, पेटंट घेतलं. हा गृहस्थ इंजिनिअर नव्हे, मेंढ्या पाळणारा शेतकरी! (सहाच आठवड्यांनी जॉन एरिक्सन या स्वीडिश इंजिनिअरनेही आपलं पेटंट घेतलं.) स्मिथच्या लहानशा बोटीला दोन पूर्ण वेढ्यांचं लाकडी मळसूत्र होतं. 1837 च्या फेब्रुवारीत लंडनच्या पॅडिंग्टन कालव्यात ते कशावर तरी आपटलं आणि निम्मं तुटून गेलं. बोट थांबायला हवी होती. ती उलट जास्त वेगाने पळू लागली. मग स्मिथने एकाच वेढ्याचं मळसूत्र बसवलं.

1845 मध्ये ब्रिटिश नौदलाने मळसूत्राची 'रॅटलर' आणि बाजूला पाणी ढकलणारी चाकं असलेली 'अलेक्टो' या दोन जहाजांची शेपटीला शेपटी बांधून रस्सीखेच लावली. दोघींची इंजिनं पूर्ण जोरात असताना 'रॅटलर'ने 'अलेक्टो'ला सुमारे अडीच नॉट (ताशी साधारण साडेचार किलोमीटर) वेगाने मागे ओढत नेलं. नौदलाचा कल आधीच मळसूत्राकडे झुकलेला होता, त्यामुळे हा बराचसा तमाशाच. पण लोकांना पटला.

आपल्याकडे 'प्रोपल्शन'साठी पुस्तकी शब्द 'प्रणोदन'. संस्कृत 'नुद्' म्हणजे ढकलणे, आणि त्याआधीचा 'प्र' तर लॅटिन 'प्रो'चा सख्खा भाऊ. इस्रोच्या एका केंद्राचं हिंदी नावही 'द्रव नोदन प्रणाली केंद्र' आहे. कोकणातल्या बंदरावर मात्र 'प्रणोदक' कुणी म्हणत नाही. तिथे जाळं अडकतं ते पंख्यातच.