फुलांची जुनी शुभेच्छापत्रे : कोल्हापुरातील संग्रह

गुलाब, व्हायोलेट, फर्गेट-मी-नॉट अशा फुलांची चित्रे छापलेली जुनी टपाली शुभेच्छापत्रे त्यांवरील हस्तलिखित मजकुरासह जमवण्याचा छंद. या कार्डांचा बहराचा काळ साधारण १९०० ते १९१४. उत्तम प्रतीची पुष्कळ कार्डे जर्मनीत रंगीत शिळाछापावर निघत. पाकळ्या बोटाला जाणवतील असा उठाव त्यांना असे. पहिल्या महायुद्धाने हा पुरवठा तोडला.

हिंदुस्थानात साधे पोस्टकार्ड १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याला मिळू लागले. चित्रकार्डाच्या पाठीवर मात्र सुरुवातीला फक्त पत्ता लिहायची मुभा होती. पाठीचे दोन भाग करून पत्त्याशेजारी मजकूर लिहायला ब्रिटनने १९०२ मध्ये परवानगी दिली. त्याआधीच्या कार्डांवर म्हणूनच फुलांभोवतीच्या पांढऱ्या जागेत बारीक अक्षरांची दाटी दिसते, आणि संग्राहकाने आधी पाहावी ती हीच दाटी. छापलेले फूल हजारो प्रतींत सारखेच असते; मजकूर एकाच कार्डावर असतो.

कोल्हापुरात शोध घ्यायचा तर पेठांतले वाडे उतरवताना माळ्यावरून निघणाऱ्या ट्रंका आणि रद्दीची दुकाने आधी पाहावीत. मराठी मजकूर असेल तर वर ‘श्री’, मग ‘सा. न. वि. वि.’, खुशाली, आणि जागा संपल्यावर कडेने आडवा लिहिलेला ‘ता. क.’. हा ‘ता. क.’ वाचल्याशिवाय कार्ड बाजूला ठेवू नये; खरी निकड पुष्कळदा तिथेच असते. मजकूर मोडीत असला तरी अडत नाही. संस्थानचे जुने दफ्तर मोडीत असल्याने ती वाचणारे जाणकार शहरात आहेत.

तारीख नसेल तर तिकीट उपयोगी पडते. सातव्या एडवर्डचा मुखवटा असलेली तिकिटे १९०२ नंतरची, पाचव्या जॉर्जची १९११ नंतरची. तिकिटासाठी कार्ड कापणे किंवा पाण्यात घालणे हा या छंदातला सर्वांत मोठा अपराध होय: शिक्का जातो, शाई फुटते, आणि जांभळ्या कॉपिंग पेन्सिलीचे अक्षर तर पाण्यात पसरूनच जाते.

पावसाळ्यातली बुरशी आणि कसर ही इथली नेहमीची संकटे. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांनंतर पंचगंगेकाठच्या वस्त्यांत तळमजल्यावर कागदपत्रे ठेवणे धोक्याचेच मानावे. भिजलेली कार्डे ओढून सोडवू नयेत. टीपकागदावर सावलीत सुकवावीत. लॅमिनेशन कधीही करू नये.