घरगुती हिंसाचार : जनजागृती व पीडितेला आधार (ठाणे–नवी मुंबई)

घरातल्याच माणसांकडून होणारी मारझोड, लैंगिक जबरदस्ती, शिवीगाळ, सततचा पाणउतारा, धमक्या आणि पैशाची कोंडी यांविरुद्ध वस्तीला जागे करणे, तसेच हे सोसणाऱ्या स्त्रीला उपचार, निवारा व कायद्याची मदत मिळेपर्यंत सोबत करणे, अशी या कामाची दोन अंगे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९–२१) देशातील १८ ते ४९ वयाच्या, लग्न झालेल्या स्त्रियांपैकी २९.३ टक्के जणींनी नवऱ्याकडून हिंसा सोसल्याचे सांगितले. शारीरिक वा लैंगिक हिंसा सोसलेल्यांपैकी कुणाकडे तरी मदत मागितलेल्या स्त्रिया मात्र सुमारे १४ टक्केच होत्या. बाकीच्या गप्प का राहतात, हे समजून घेतल्याशिवाय जनजागृतीला दिशा मिळत नाही.

ठाणे आणि नवी मुंबईत या गप्प राहण्याची कारणे वस्तीगणिक बदलतात. कोपरखैरणे, घणसोली, ऐरोली या भागांत सातारा जिल्ह्यातून आलेल्या माथाडी कामगारांची कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिथल्या सुनेचे माहेर पाटण किंवा जावळी तालुक्यात असते. रात्री दार ठोठवायला जवळचे असे शेजारच्या खोलीतले माणूसच. दिवाळे, सारसोळे, करावे अशा आगरी-कोळी गावांत नेमके उलटे. माहेर हाकेच्या अंतरावर असते, भाऊ धावून येतो, पण भावकी आणि गावकीचा दाबही तितकाच जवळ असतो. “पोरीचं लग्न व्हायचंय अजून, चावडीवर नको” असे म्हणून विषय मिटवला जातो. किसननगर, लोकमान्यनगरसारख्या दाट वस्तीत भिंतीला भिंत लागून असल्याने सगळ्यांना सगळे ऐकू येते आणि ‘घरचा मामला’ म्हणून सगळे टीव्हीचा आवाज वाढवतात. घोडबंदर रस्त्यावरच्या टोलेजंग संकुलांत दार बंद झाले की काही ऐकूच येत नाही. तिथली बाई नोकरी करणारी असली, तरी तिचे एटीएम कार्ड नवऱ्याच्या खिशात असू शकते.

ही पैशाची कोंडीसुद्धा हिंसाच आहे, असे ‘कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५’ स्पष्ट सांगतो. २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू असलेल्या या कायद्यात शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे छळाचे चार प्रकार मानले आहेत. पत्नीखेरीज आई, बहीण, विधवा भावजय, लग्नाविना सोबत राहणारी स्त्री यांनाही त्याचे संरक्षण आहे. लोकांना यातली सर्वांत कमी माहीत असलेली गोष्ट म्हणजे कलम ४. हिंसा घडते आहे किंवा घडण्याची शक्यता आहे, असे वाटणारी कुणीही व्यक्ती याच कायद्याखाली नेमलेल्या संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते. सद्भावनेने माहिती देणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. “उद्या कोर्टात खेपा माराव्या लागल्या तर?” या भीतीने शेजारी मागे सरतो. म्हणून प्रत्येक सभेत पहिल्यांदा हे कलम सांगितले पाहिजे.

जनजागृतीची ठिकाणे इथे आयती आहेत : बचत गटाची बैठक, संक्रांतीचे हळदीकुंकू, अंगणवाडीतला पालकमेळावा, नवरात्र आणि गणेशोत्सवाचे मंडप, लोकलचा लेडीज डबा. २५ नोव्हेंबर हा स्त्रियांवरील हिंसाचाराच्या निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस. तिथपासून १० डिसेंबरच्या मानवी हक्क दिनापर्यंतच्या सोळा दिवसांत पथनाट्ये, फेऱ्या होतात. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘बेल बजाओ’ मोहिमेने साधी कृती शिकवली : मारहाणीचा आवाज आला की त्या घराची बेल वाजवा, वाटीभर साखर मागा, वेळ विचारा. तेवढ्याने हात थांबू शकतो. मात्र ८ मार्चला भाषण, पैठणीचा खेळ आणि अल्पोपाहार एवढ्यावर कार्यक्रम संपत असेल, तर त्याला जनजागृती म्हणता येणार नाही. घरी जाणाऱ्या बाईला कुठे जायचे, कुणाला भेटायचे, सोबत काय न्यायचे, हे कळलेले असले पाहिजे. हे मोठ्या पत्रकावर छापून देऊ नये, कारण पत्रक नवऱ्याच्या हाती पडते. ब्लाउजमध्ये मावेल एवढी चिठ्ठी किंवा रुग्णालयातील स्त्रियांच्या स्वच्छतागृहात आतून लावलेला कागद जास्त उपयोगी.

तातडीच्या मदतीसाठी ११२, महिलांसाठी १८१ आणि पोलिसांचा १०९१ हे क्रमांक आहेत. पोलीस ठाण्यात अनेकदा अदखलपात्र नोंद, म्हणजे ‘एनसी’ करून बाईला परत पाठवले जाते. खरे तर संरक्षण अधिकारी, मोफत विधी सेवा आणि २००५ च्या कायद्याखालील हक्क यांची माहिती तिला देणे हे पोलिसांचे कर्तव्य त्याच कायद्याच्या कलम ५ मध्ये लिहिलेले आहे. नवरा व सासरच्यांच्या क्रूर वागणुकीबद्दलचे भारतीय दंड संहितेतील कलम ४९८ अ हे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ व ८६ मध्ये आले आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंत. पोलिसांसोबत बसून समाजकार्यकर्त्यांनी अशा स्त्रियांची बाजू ऐकण्याची पद्धत महाराष्ट्रात १९८४ मध्ये रुजली. टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलिसांबरोबर महिला व मुलांसाठीचा विशेष कक्ष तेव्हा सुरू केला.

रुग्णालय हे दुसरे दार. ‘जिन्यावरून पडले’, ‘बाथरूममध्ये घसरले’ असे सांगणाऱ्या बाईला नवऱ्याला बाहेर थांबवून तिला एकटीला विचारणारी परिचारिका भेटली, तर बरेच काही बदलते. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात २००० साली ‘दिलासा’ केंद्र याच विचाराने सुरू झाले. कळव्याचे छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय, वाशीचे महापालिका रुग्णालय यांसारख्या गर्दीच्या ठिकाणी डॉक्टरने जखमेचे खरे कारण नोंदवले, तर पुढे न्यायालयात तो कागद बोलतो. केंद्र सरकारच्या २०१५ पासूनच्या ‘सखी’ वन स्टॉप सेंटर योजनेत उपचार, पोलीस, वकील, समुपदेशन व तात्पुरता निवारा एका छताखाली देण्याची तरतूद आहे. समुपदेशनाचा अर्थ काही ठिकाणी अजूनही समेट एवढाच घेतला जातो. ‘पदरात घे आणि नांदायला जा’ असे ऐकून परत गेलेली बाई पुढच्या वेळी तोंड उघडत नाही, आणि ती पुढची वेळ अधिक धोक्याची असते.

घर सोडण्याचा काळ सर्वांत जोखमीचा असतो. त्यामुळे आधार देणाऱ्याने ‘आत्ताच्या आत्ता नीघ’ असा आग्रह धरू नये. निर्णय तिचा, तयारी दोघींची. आधार कार्ड, शिधापत्रिका, मुलांचे जन्मदाखले, बँकेचे पासबुक, औषधे आणि थोडी रोकड विश्वासाच्या घरी ठेवावी. फोनवरून माग काढला जातो का, हेही पाहावे.

दंडाधिकाऱ्याकडे २००५ च्या कायद्याच्या कलम १२ खाली अर्ज करता येतो. पहिली सुनावणी साधारण तीन दिवसांत आणि निकाल साठ दिवसांत लावण्याचा प्रयत्न व्हावा, असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात तारखांवर तारखा पडतात, म्हणून अंतरिम, म्हणजे निकाल लागेपर्यंतच्या, आदेशाची मागणी सुरुवातीलाच करावी. वकिलाचा खर्च ही अडचण नाही : विधी सेवा प्राधिकरण कायद्यानुसार स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, त्यासाठी ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. ‘घर सासऱ्याच्या नावावर आहे, तुझा काय संबंध?’ हा नवी मुंबईत संपादित जमिनीच्या बदल्यात सिडकोने गावकऱ्यांना दिलेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडांवर उभ्या राहिलेल्या इमारतींत हमखास ऐकू येणारा सवाल. संसार जिथे थाटला ते घर सासू-सासऱ्यांच्या मालकीचे असले, तरी सून तिथे राहण्याचा हक्क मागू शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये दिला आहे.

पुरुषांशी बोलण्याचे काम अजून फार थोडे झाले आहे. मुंबईत १९९३ मध्ये स्थापन झालेली ‘मावा’ ही संस्था तरुण मुलांशी याच विषयावर बोलत आली आहे. क्रिकेटचे संघ, दहीहंडीची पथके, बाजार समितीतल्या कामगारांच्या टोळ्या इथे हा विषय काढणारी माणसे त्यांच्यातलीच असावी लागतात. बाहेरच्या बाईने येऊन दिलेले व्याख्यान तिथे टिकत नाही.

गाव सोडून बहिणीकडे, मैत्रिणीकडे आलेल्या स्त्रीलाही इथे दाद मागता येते. २००५ च्या कायद्याच्या कलम २७ नुसार ती तात्पुरती जिथे राहते, तिथल्या दंडाधिकाऱ्यालाही तिचा अर्ज ऐकण्याचा अधिकार आहे. साताऱ्याहून घणसोलीला बहिणीच्या खोलीवर आलेल्या बाईला अर्जासाठी पुन्हा सासरच्या तालुक्याला जावे लागत नाही.