मिश्र चारा पेरला म्हणजे कुरण झालं का?

ज्वारीच्या तासांत चवळी टाकली, दोन महिन्यांत डोक्याइतका हिरवा चारा उभा राहिला, की आपल्याकडे सहज म्हणतात, "यंदा कुरण लावलं." उलटही घडतं. बरडावर गवताचं आणि स्टायलोचं (हे शेंगवर्गीय चाऱ्याचं झाड) बी फोकलं, दसऱ्याला जाऊन पाहिलं तर वीतभर रोपं आणि बाकी सगळं तरोट्याचं तण. मग "कुरण फेल गेलं" म्हणून त्यावर नांगर फिरतो. पहिल्या वावरात कुरण झालेलंच नसतं आणि दुसऱ्यातलं फेल गेलेलं नसतं. मिश्र चारापीक वेगळं, मिश्र कुरण वेगळं. दोन्हींत एक गवताच्या जातीचं आणि एक शेंगेच्या जातीचं असतं, एवढ्यावरून गफलत होते, आणि एकाची रीत दुसऱ्याला लावली की पैसे बुडतात.

मिसळ करायचं कारण मात्र दोन्हीकडे एकच. गवत पोट भरतं, शेंगवर्गीय झाड प्रथिनं देतं. उन्हाळ्यातलं वाळलेलं रानगवत किंवा ज्वारीचा कडबा घ्या, त्यात प्रथिनं जेमतेम तीन-चार टक्के. गाईच्या कोठीपोटातल्या जिवाणूंना काम करायला चाऱ्यात साधारण सात टक्के प्रथिनं लागतात. त्याखाली गेलं की पचन मंदावतं, पोटातलं पुढे सरकत नाही आणि ढोर खाणंच कमी करतं. एप्रिल-मे महिन्यांत गंजी भरलेली असूनही बैलाच्या फासळ्या दिसतात, ते यामुळे. चवळी, स्टायलो, दशरथ घास (हाही शेंगवर्गीय चारा) यांच्या हिरव्या पाल्यात प्रथिनं बारा ते अठरा टक्क्यांपर्यंत असतात. थोडी जरी मिसळली तरी कोरडं गवतही अंगी लागतं.

इथून पुढे मात्र वाटा फुटतात.

चारापीक हे पीकच आहे. त्याला वावर लागतं, तिफण लागते, दरवर्षी बियाणं लागतं. ज्वारी-चवळी किंवा मका-चवळी, दोन ओळी तृणधान्याच्या आणि एक चवळीची, ज्वारी फुलोऱ्यात आली की कापणी. साठ-सत्तर दिवसांचा मामला. कापलं, खाऊ घातलं किंवा मुरघास केला, वावर हरभऱ्याला मोकळं. त्याचा हिशेब कपाशी-सोयाबीनसारखाच त्या हंगामापुरता होतो.

कुरणाचा हिशेब चार-पाच वर्षांचा असतो. बहुवर्षीय गवत, म्हणजे मारवेल, पवन्या, अंजन (गवत, झाड नव्हे), आणि त्यात स्टायलो किंवा दशरथ. ही झाडं पहिल्या वर्षी वर वाढण्याऐवजी खाली मुळं सोडतात, म्हणून दसऱ्याला वीतभरच दिसतात. जागाही सहसा अशी, जिथे पऱ्हाटी परवडत नाही: मुरमाड बरड, उताराचं हलकं रान, रुंद धुरे. मध्य भारतातल्या गवताळ रानांत पवन्या-मारवेलची जोडी मुळातलीच. अती चराई आणि वणव्यांनी ती मागे हटते आणि कुसळी गवत माजतं, ज्याची कुसळं शेळ्या-मेंढ्यांच्या तोंडात आणि कातडीत रुततात. म्हणजे आपण काही नवं आणून लावत नाही, बरंचसं हरवलेलंच परत आणतो आहोत.

बियाण्यापासूनच रीत बदलते. ज्वारी, मका, चवळीचं दाणेदार बी तिफणीने तीन-चार सेंटीमीटर खोल गेलं तरी उगवतं. गवताचं बी हलकं आणि लवदार. तिफणीच्या सरत्यातून ते नीट पडत नाही, आणि खोल गेलं तर वर येत नाही. ओलसर मातीत किंवा वाळूत कालवून वरच्या वर फोकायचं आणि काट्याची फांदी ओढून जेमतेम झाकायचं, सेंटीमीटरभर, त्याहून कमीच. एकरी अंजनाचं दोन किलो आणि स्टायलोचं दोन किलो बी मिसळीला पुरतं. मारवेल बियांपेक्षा ठोंबांनी लावलेलं बरं.

दोन खोड्या ओळखून ठेवा. अंजनाचं ताजं बी झोपलेलं असतं, काढल्यावर सहा महिने ते वर्षभर ठेवल्याशिवाय नीट उगवत नाही. "नवं, ताजं बी" म्हणून कोणी देत असेल तर कधी काढलंय ते आधी विचारा. आणि स्टायलोच्या बियांचं टरफल कडक, पाणी आत शिरू देत नाही. त्यासाठी उकळून थोडं निवलेल्या पाण्यात, साधारण ८० अंशांवर, बी चार-पाच मिनिटं ठेवायचं आणि लगेच थंड पाण्यात काढायचं.

आता इथे माझा एक आग्रह आहे: सगळ्या बियांना हे गरम पाणी देऊ नका. आपल्या विदर्भात पश्चिमेला बुलडाणा-अकोल्याकडे पाऊस वर्षाला सातशे ते साडेआठशे मिलिमीटर, नागपूरकडे हजाराच्या आसपास, गडचिरोलीत त्याहून बराच जास्त. पण वर्षाची सरासरी पेरणीच्या वेळी कामाची नाही. जूनमध्ये एक जोरदार सर येते, सगळे तिफणी जुंपतात आणि मग पंधरा-वीस दिवस आभाळ कोरडं. ज्वारी-चवळी अशात गेली तर दुबार पेरणी करता येते. बी महाग नाही आणि पुन्हा मिळतं. कुरणाचं बी एकदाच आणलेलं असतं. गरम पाणी दिलेलं सगळं बी पहिल्या सरीत उगवलं आणि करपलं, तर हातात काहीच उरत नाही. अर्धं तसंच कडक ठेवलं तर ते मातीत पडून राहतं, काही जुलैच्या झडीत उगवतं, काही पुढच्या मृगात. चारापिकात बी एकसारखं उगवावं यासाठी धडपडायचं. कुरणात ते मागे-पुढे उगवलं तर फायद्याचंच.

जातींच्या मिसळीचंही तसंच. पावसाने ताण दिला तर खोल मुळांचा स्टायलो हिरवा राहतो, चांगल्या पावसात गवत उंडारतं. चारापीक दोन्ही घटकांना एकाच दिवशी कापणीला आणतं, त्यामुळे त्या साठ दिवसांत पावसाने दगा दिला तर दोन्ही एकत्र बसतात. २०२३ चा ऑगस्ट देशात १९०१ पासूनच्या नोंदींमधला सर्वात कोरडा ऑगस्ट होता. अशा महिन्यात गुडघ्याएवढी, सुकत चाललेली ज्वारी म्हणजे नुसतं नुकसान नाही, धोका आहे. कोवळ्या, ताणात सापडलेल्या ज्वारीत आणि कापल्यावर फुटलेल्या धसांत सायनाइड तयार करणारं द्रव्य वाढतं. ढोर धापा टाकतं, थरथरतं, पडतं. किराळ लागली म्हणतात ती हीच. फुलोऱ्याआधी ज्वारी चारू नये, आणि लक्षणं दिसली तर घरगुती उपाय करत बसण्यापेक्षा डॉक्टरांना लगेच बोलवावं, औषध आहे पण वेळ फार कमी असतो. कुरणातल्या मारवेल-स्टायलोला ही भानगड नाही. लसूणघास-बरसीमने होते तशी पोटफुगीही स्टायलोने होत नाही.

जमिनीच्या बाबतीत सगळ्यात जास्त चुका स्टायलोवरच होतात. ते हलक्या, निचऱ्याच्या जमिनीचं झाड. फॉस्फरस कमी असलेल्या मुरमातही तग धरतं. पण आपल्या भारी काळ्या, भेगाळणाऱ्या जमिनीत, विशेषतः पाणी साचणाऱ्या पाणबसन वावरात, ते रडतं. तिथे दशरथ घास लावा, काळ्या मातीत तो चांगला चालतो आणि सुबाभळीत असतं ते मिमोसिन नावाचं विषारी द्रव्यही त्यात नसतं. दुसरा पर्याय गोकर्ण, कुंपणावर निळी फुलं येणारा तोच वेल. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँडमध्ये अशाच काळ्या मातीवर गोकर्ण आणि दशरथच्या कुळातल्या जाती कुरणात लावतात. ढोरं गोकर्ण आवडीने खातात, जरा जास्तच आवडीने. म्हणून सतत चारला तर संपतो. पूर्णेच्या खारपाणपट्ट्यात मात्र यातलं काहीही मोठ्या क्षेत्रावर लावण्याआधी चार गुंठ्यांवर करून पाहावं.

स्टायलोचीही सगळी पेरणी एकाच जातीची नको. ऑस्ट्रेलियात १९७० च्या दशकात टाउन्सव्हिल स्टायलो करपा रोगाने मोठ्या क्षेत्रावर गेला, त्यानंतर तिथे रोगाला दाद न देणाऱ्या जातींकडे वळावं लागलं. आपल्याकडे हमाटा आणि स्कॅब्रा दोन्ही मिळतात. हमाटा बुटका, लवकर बी धरून पसरणारा. स्कॅब्रा झुडपासारखा, जास्त वर्षं टिकणारा, कोरड्याला काटक. दोन्ही मिसळून फोका.

जिवाणू खताचं पाकीट घ्यायचं तर चवळी-मुगाच्या गटाचं घ्या. सोयाबीनचं उरलेलं पाकीट स्टायलोला चालत नाही, त्याचा जिवाणू वेगळा.

मशागतीत लोक सवयीने मार खातात, कारण हात पिकाला सरावलेले असतात. चारापिकाला पेरणीनंतर महिन्याने युरियाचा हप्ता दिला की ज्वारी काळीभोर होते, ते बरोबरच आहे. तोच हात कुरणात फिरला की गवत उफाळतं, खालच्या शेंगवर्गीय झाडाला ऊन मिळत नाही आणि दोन वर्षांत तुमचं मिश्र कुरण नुसतं गवताचं उरतं. वर दरवर्षी युरिया विकत. नत्र हवेतून ओढून गवताला पुरवायला तर स्टायलो लावला होता! कुरणाला द्यायचं तर सिंगल सुपर फॉस्फेट, एकरी दोन पोती, तेही पेरणीच्या वेळी. डवरणीचा प्रश्नच नाही, ओळी नसतातच. पहिल्या वर्षी तरोटा फुलावर आला की विळ्याने वरचेवर कापायचा, बी धरू द्यायचा नाही. उपटत बसलात तर सोबत स्टायलोची रोपंही जातील.

आणि पहिल्या वर्षी ढोरं आत सोडायची नाहीत. चारापिकातून हिरवा चारा साठाव्या दिवशी मिळतो, कुरणाकडून पहिल्या पावसाळ्यात काही मिळेल अशी अपेक्षाच ठेवू नका. बी पडून गेल्यावर, दिवाळीनंतर, वरचं कापून गोठ्यात आणा, तेवढंच. ज्याच्याकडे दुसरा चारा नाही त्याला हे जड जातं हे खरं. म्हणूनच पहिल्या वर्षी बाजूच्या वावरात अर्धा एकर ज्वारी-चवळी पेरावी आणि सोयाबीन-तुरीचं कुटार जपून ठेवावं. या दोन गोष्टी एकमेकींना पर्याय नाहीत, सोबतीच्या आहेत.

"स्टायलो लावला पण ढोरं खातच नाहीत," ही तक्रारही पिकाच्या नजरेतून येते. पावसाळ्यात गवत लुसलुशीत असतं, तेव्हा गाई स्टायलोला तोंड लावत नाहीत. गवत वाळलं, पिवळं पडलं की त्याच गाई स्टायलोकडे वळतात. हे वरदानच म्हणायचं, कारण प्रथिनं तेव्हाच हवी असतात.

गावाच्या ई-क्लास (सरकारी चराईच्या) जमिनीवर कुरण करायचं तर ग्रामपंचायतीचा ठराव आणि महसूलचे कागद आधी, बी नंतर. पूर्व विदर्भात सातबारा आणखी बारकाईने पाहा: झुडपी जंगल म्हणून नोंदलेली जमीन वनजमीनच, हे सर्वोच्च न्यायालयाने मे २०२५ मध्ये स्पष्ट केलं आहे. आणि चराईबंदी ढोरक्याला विचारल्याशिवाय ठरवली तर ती टिकत नाही. त्याला दुसरीकडे कुठे न्यायचं ते सांगता आलं पाहिजे.

तिसऱ्या वर्षी, सप्टेंबरच्या शेवटी, कुरणात चार-पाच ठिकाणी मीटरभर चौकोन आखून पाहा. शेंगवर्गीय झाडं साधारण तिसरा हिस्सा असावीत. कमी असतील तर पुढच्या पावसाळ्याच्या सुरुवातीला काही आठवडे ढोरं आत सोडा. ती तेव्हा गवतच खातात आणि स्टायलोला ऊन मिळतं. स्टायलोच जास्त झाला असेल तर तेच आठवडे कुरण बंद ठेवा, म्हणजे गवत सावरतं आणि बी धरतं. चारापिकात असं काही करायला जागाच नसते, ते तोवर कापून झालेलं असतं.